अ‍ॅट पोस्ट अडावद

गावात इंग्रजीचं पहिलं अव्यय पोस्टमनच्या पिशवीतून आलं.
अ‍ॅट पोस्ट अडावद, तालुका चोपडा.
'अ‍ॅट' म्हणजे काय, कुणी विचारलं नाही.
किराण्याच्या वहीवर जसा श्री,
तसं ते पाकिटावर असायचंच.

आता मी विचारतो. संध्याकाळी सातला, पॅकहाऊसमध्ये,
पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसलेल्या आठ जणांना.
केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं,
मांडीवर दोनशे पानी वह्या.
सुपडू बाविस्कर, मेहरबान तडवी,
वजनकाट्यावरच्या कोकिळाबाई, आणि इतर.
मालकाला वाटतं, दुबईचा फोन आला
की कुणीतरी चार वाक्यं बोलावीत.

मी सांगतो: आपलं मागून येतं, नामाला चिकटून,
आणि नाम त्याच्यासाठी थोडं वाकतं.
खोकं असतं, खोक्यात होतं.
इंग्रजीत बॉक्स वाकत नाही.
'इन' आधी जातं, झाकण उघडून उभं राहतं,
मग बॉक्स येतो, तसाच, ताठ.

इन?
-मा, सर. केया खोकामा शेतस.
टू?
-ले. दुबईले.
विथ?
इथं अडलं. विळ्यानं घड कापला, तिथं विथ.
बायकोसोबत आला, तिथंही विथ.
सुपडू म्हणाला, सर, इंग्रजसले बायको आनि इळा एकच का?
कोकिळाबाई काट्यावरून मान न उचलता म्हणाल्या,
काही घरमा तसंच ऱ्हास.

मग लेखी.
विथ रेफरन्स टू युवर ऑर्डर,
इन अकॉर्डन्स विथ द टर्म्स,
ऑन बिहाफ ऑफ द कंपनी.
एका केळीला तीन कोट,
मे महिन्यात, चोपड्यात.
मेहरबाननं सगळं पाठ केलं
आणि खरी गोष्ट शेवटच्या ओळीत लिहिली:
माल पिकला.

फोन आला तेव्हा पंखा बंद होता, स्पीकर चालू.
पलीकडचा माणूस घाईत:
हू डिड यू गिव्ह इट टू?
सुपडू खोक्यावरून उठलाच.
सर, हाऊ ते आपलागतच मांगे बसना!

हो. बसला.
बोलताना बसतो तो मागे,
नाम पुढं निघून गेलेलं असतं
आणि 'टू' आपला वाक्याच्या कडेला,
एसटी सुटल्यावर स्टँडवर राहिलेल्या माणसासारखा.
लेखी असं चालत नाही, मी म्हणालो.
टू हूम.
म्हणालो, आणि घशात काहीतरी आलं.

प्रमिला पावरा.
बारावी, वैजापूरकडच्या कुठल्याशा पाड्यावरची,
वसतिगृहात राहायची, अक्षर बारीक.
निबंधात तिनं लिहिलं होतं:
द हाउस आय लिव्ह इन हॅज नो डोअर.
मी 'इन'भोवती लाल गोल केला.
अव्ययानं वाक्यांश संपत नाही, समासात लिहिलं,
अर्धा गुण कापला.
दाराबद्दल काहीच लिहिलं नाही.
चाचणीत तिला चौतीस होते की पस्तीस,
मला आठवत नाही.
खरं म्हणजे मी आठवत नाही.
दिवाळीनंतर ती आली नाही, एवढं हजेरीपटावर आहे.

वाक्य बरोबर होतं.
इंग्रज तसंच बोलतात, आता लिहितातही.
तेव्हाही लिहीत असतील,
मी एकाच पुस्तकातून शिकवत होतो.

क्लास सुटला. कोकिळाबाईंनी काटा शून्यावर आणला.
सुपडू रस्ताभर म्हणत गेला, गिव्ह इट टू, गिव्ह इट टू,
जणू भजनाची ओळ सापडली.

घरी कार्ड काढलं. पोस्टात अजून मिळतात.
मजकूर दोन ओळींचा, तो जमला.
मग उजवीकडे तिचं नाव लिहिलं,
त्याखाली सवयीनं, अ‍ॅट पोस्ट,
आणि पेन तसंच धरून बसलो.
पुढचं नाम मला माहीत नाही.